ऑस्बर्नबाईची गिटार

शकुंतला लघाटेशी भांडायचं असेल तर आधी पोटभर जेवून यावं, असं झाशीच्या रेल्वे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये म्हणत. बाई काटकुळी, चाळिशीला टेकलेली, नाकावर माशी बसू देणार नाही. बोर्डावर बसली की आवाज मधासारखा, "यस, कानपूर कंट्रोल, होल्ड ऑन प्लीज", आणि कानावरचं यंत्र काढलं की तोच आवाज कानशीसारखा चालायचा. प्यूनपासून इन्स्पेक्टरपर्यंत एकाला सोडायची नाही. लोक मागे म्हणायचे, लग्न झालं नाही म्हणून अशी झालीय. लोकांना काय, तोंड आहे ते वाजवायचं. पण या बाबतीत लोक अगदीच चुकत नव्हते.

तिचे वडील दत्तात्रेयपंत मालधक्क्यावर बाबू. ते एका हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले, तेव्हा ही नुकती इंटर पास होऊन घरी बसलेली आणि धाकटा दिवाकर शाळेत. रेल्वेने मुलीला नोकरी दिली आणि नोकरीपाठोपाठ दोन खोल्यांचं क्वार्टर तिच्या नावावर राहिलं. त्या क्वार्टरात तिच्या पगारावर आई यमुनाबाई राहत आणि शिवाय त्या घरात हुकूमही त्यांचाच चाले. यमुनाबाई गुरसरायच्या. त्यांच्या माहेरचे कुणी पणजोबा तिथल्या जहागिरीत कारभारी होते म्हणे. जहागीर गेली, कारभार गेला, पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? सोवळं असं कडक की टोपलीतली भाजीसुद्धा धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही.

मधे जवळच्या मोठ गावच्या शाळेतला एक मास्तर शकुंतलाला पाहून पसंत करून गेला होता. माणूस बरा होता आणि तिलाही आवडला होता. यमुनाबाईंनी परस्पर निरोप धाडला, मुलीला कडक मंगळ आहे. मंगळ-बिंगळ काही नव्हता. दिवाकर कानपूरला कॉलेजात होता आणि घरात दुसरा पगार नव्हता, एवढंच. शकुंतलाला हे कळलं फार उशिरा, गुरसरायच्याच एका लग्नात, जिलबीच्या पंगतीत, शेजारच्या बाईच्या तोंडून. तोवर मास्तराला दोन मुलं झाली होती. घरी येऊन तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "झालं ते झालं. उगाळून काय चंदन होणार आहे?"

त्या दिवसापासून त्या दोघी एका छपराखाली दोन फौजांसारख्या राहत होत्या. दिवाकर शिकला, कानपुरात बँकेत चिकटला, लग्न करून तिकडचाच झाला. यमुनाबाई येता-जाता त्याचं नाव घेत. "माझा दिवाकर मला राणीसारखी ठेवील," हे वाक्य भाजीच्या फोडणीइतकं रोजचं. शकुंतला म्हणायची, "मग जा ना. गाडी रोज आहे आणि पासही मी काढून देते."

अशा घरात गिटार आली. म्हणतात ना, घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

गिटार डोरीन ऑस्बर्नची. रेल्वे कॉलनीतली गोरटेली, निळ्या डोळ्यांची अँग्लो-इंडियन बाई. तिचा नवरा मेल ड्रायव्हर होता, तो वारला. डोरीन एक्स्चेंजमधली जुनी ऑपरेटर. शकुंतला नवी लागली तेव्हा बोर्डावरच्या दोऱ्या कुठे खोचायच्या ते डोरीननेच शिकवलं आणि ड्यूटी सुटल्यावर आपल्या व्हरांड्यात बसवून गिटारवर चार-सहा धूनही शिकवल्या. त्या दिवसांत शकुंतला हसायची, असं सांगणारी माणसं होती. पुढे सुपरवायझरची जागा निघाली आणि ती डोरीनला डावलून शकुंतलाला मिळाली. डोरीनने गिटारही बंद केली आणि बोलणंही. दहा हातांवर बसून दोघी वर्षानुवर्षं एकमेकींना फक्त नंबर सांगत राहिल्या.

एकसष्टच्या उन्हाळ्यात डोरीन सगळं विकून ऑस्ट्रेलियाला बहिणीकडे निघाली. तिच्या व्हरांड्यात कपाटं, क्रोकरी, लोखंडी पलंग, बाळाची गाडी असा बाजार मांडला होता. कॉलनीतल्या बायका येऊन प्रत्येक वस्तूला नावं ठेवत होत्या आणि विकतही घेत होत्या. शकुंतला गेली ती थेट गिटारपाशी. भिंतीला टेकून उभी होती बिचारी, उन्हात. मागचे दोन उन्हाळे ती तिथेच असणार. झाशीची लू, तो उन्हाळी कढत वारा, माणसाची चामडी तडकवते, लाकडाची काय कथा. गळ्यावरची काळी पट्टी, जिच्यावर पडदे बसवलेले असतात आणि बोटं दाबून सूर काढायचा, ती वरच्या टोकापासून निम्म्यापर्यंत उभी चिरली होती. चिरेच्या एका अंगाला पट्टी गळ्यापासून सुटून वर उचलली गेली होती. तारा तर नव्हत्याच.

"ये टूटा है," शकुंतला म्हणाली.

"मालूम है," डोरीन खुर्चीतून न उठता म्हणाली. "तुम क्या करेगा इसका? दीवार पे टांगेगा? तुमारा मदर इसको घर में घुसने देगा?"

"तुमने ही धूप में मार डाला इसको."

"हाँ, मारा. मेरा चीज था. तुमारा जॉब भी मेरा चीज था."

बाकीच्या बायकांचे कान टवकारले. शकुंतलाने मग भावावरून घासाघीस केली नाही. डोरीन जे म्हणाली ते दिलं, गिटार उचलली आणि पाठ फिरवली. डोरीनने फाटकापर्यंत आवाज दिला, "संभाल के, सुपरवाइजर साहब." त्यात माया होती की टोमणा, हे शकुंतलाला ओळखता आलं नाही आणि तिने मागे वळून पाहिलंही नाही. पुढच्या आठवड्यात डोरीन मुंबईच्या गाडीत बसली. निरोपाला सगळं एक्स्चेंज गेलं होतं, शकुंतलाने त्या वेळी मुद्दाम बोर्ड धरून ठेवला.

टांग्यातून गिटार घेऊन उतरली तर यमुनाबाई दारात उभ्या. दोन्ही हात चौकटीला लावलेले.

"काय आहे ते?"

"दिसत नाही? गिटार."

"कुणाच्या घरची?"

"ऑस्बर्नबाईच्या."

"गाय खाणाऱ्यांच्या घरची वस्तू या उंबऱ्याच्या आत येणार नाही. माझे देव आहेत आत."

"क्वार्टर माझं आहे."

"क्वार्टर तुझं. देव माझे."

टांगेवाला पैसे न मागता ऐकत उभा राहिला, असा तो तमाशा झाला. शेवटी गिटार मागच्या आंगणात, कोळशाच्या कोठीत गेली. शकुंतला थकून आत आली आणि म्हणाली, "दुरुस्त करणार मी ती. आणि वाजवणार. कोठीत नाही, आंगणात नाही, इथे, पुढच्या खोलीत, दार उघडं टाकून." यमुनाबाईंनी माळेचे मणी ओढणं थांबवलं नाही. "ज्या दिवशी ते या खोलीत वाजेल," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी दिवाकरकडे जाईन आणि तुझ्या दारात परत पाऊल टाकणार नाही. मेल्यावर ये खांदा द्यायला, मुलींचा चालत असेल तर."

झालं. आता गिटार ही गिटार राहिली नाही. ती खोलीत वाजते की नाही, यावर ते घर कुणाचं हे ठरणार होतं. शकुंतलाला रेल्वेच्या क्लबात, इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन वाजवता आली असती, पण तिला ते नकोच होतं. दिवसभर ती दुसऱ्यांचे आवाज दुसऱ्यांना जोडून द्यायची आणि घरी आली की आईचा आवाज ऐकायची. आपल्या पैशाच्या चार भिंतींत एकदा आपला सूर निघावा, इतकंच तिचं मागणं होतं. फार नव्हतं. पण त्या घरात थोडं म्हणून काही मिळतच नसे.

सिपरी बाजारात हरदास बढई सुतारकाम करत बसायचा. तो गावातल्या भजनी मंडळींचे तंबोरे-ढोलक जोडून देतो, असं तिने ऐकलं होतं. गेली. हरदासने गिटार उलटीपालटी केली आणि तिच्याच मांडीवर परत ठेवली.

"जिज्जी, हम खाट बनाउत, तखत बनाउत. जौ हमाए बस को नइयां."

"तंबोरा बनता है तो ये क्यों नहीं?"

"तंबूरा हमाए बाप ने सिखाओ तो. जौ अँगरेज को बाजो है, अँगरेज से बनवाओ."

"अंग्रेज गए."

"तो बाजो भी जान दो."

शकुंतला त्याच्या दुकानापुढच्या ओट्यावर ठाण मांडून बसली. गिऱ्हाईक आलं की त्याला सांगायची, "इनके हाथ की खाट हमारे यहाँ टूट गई थी." खोटं होतं साफ. तिसऱ्या गिऱ्हाइकाला हरदास वैतागला. आत गेला, गुळाच्या खड्यासारखे तांबूस कपटे कागदात बांधून आणले आणि तिच्या पुढ्यात आपटले. "सरेस है. पानी में भिजाओ, गरम पानी में रखके गलाओ, गरमागरम लगाओ, कसके बाँधो. अकल बहुत है न, खुदई कर लो." मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "हाड़-चाम को है. तुम ठहरीं पंडितन. सोच लो."

तिने विचार वगैरे काही केला नाही. सरस घेतला आणि निघाली. पण दुसऱ्या रविवारी परत गेली, कारण अडलं. मग परत गेली. हरदास दर वेळी शिव्या घालायचा आणि दर वेळी एक गोष्ट सांगायचा. खिळा ठोकू नको, लाकूड आणखी फाटेल. चिरेत नुसता सरस भरू नको, शिसवीचा भुसा कालवून भर. त्यांचं कधी गोड जमलं नाही, पण कामापुरतं जमलं.

पट्टी अर्धवट सुटली होती, ती पूर्ण सोडवायची होती. त्यासाठी कढत पाण्यात पिळलेलं फडकं तिच्यावर ठेवायचं, खालचा जुना सरस मऊ पडला की पातळ पातं घालून हळूहळू उचलायची. पातं म्हणून शकुंतलाने स्वयंपाकघरातलं उलथनं घेतलं. यमुनाबाईंच्या रुखवतातलं, झिजून पानासारखं पातळ झालेलं. काम सुरेख झालं. उलथनं घासून जागेवर ठेवताना आईने पाहिलं, चिमट्यात धरून ते रस्त्यावर टाकलं आणि आंघोळ केली. त्यानंतर बरेच दिवस दोघींच्या पोळ्या हातानेच उलटल्या जात होत्या आणि बोटं भाजली तरी नवं उलथनं आणायचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग आला सरस वितळवायचा दिवस. शकुंतलाने आंगणात वेगळी शेगडी पेटवली, टोपात पाणी, पाण्यात वाटी, वाटीत सरस. थोड्या वेळात वास सुटला. नाही म्हटलं तरी तो वास वाईटच. आंगण भरलं, खोली भरली, देवघरापर्यंत गेला. यमुनाबाई पदर नाकाला लावून दारात आल्या.

"काय जळतंय?"

आता इथे शकुंतलाला गप्प बसता आलं असतं. डिंक म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण जिलबीच्या पंगतीत ऐकलेलं कुठेतरी आत ठसठसत होतं, आणि अशी संधी रोज येत नाही.

"जळत नाही," ती ढवळता ढवळता म्हणाली. "शिजतंय. जनावरांची हाडं आणि कातडी. गिटार चिकटवायला लागतात."

यमुनाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला. त्या भांडल्या नाहीत. आत गेल्या, देव गुंडाळून टोपलीत ठेवले, आंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात तीन विटांची वेगळी चूल मांडली आणि त्या दिवसापासून स्वतःचं अन्न स्वतः त्या चुलीवर शिजवू लागल्या. शकुंतलाच्या हातचं पाणीही बंद. दोन माणसांच्या घरात दोन चुली. शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "काए बिन्नू, का हो गओ?" आणि दोघीही एकाच सुरात सांगायच्या, "कुछ नहीं." तेवढ्यापुरतं मात्र त्यांचं एकमत होतं.

पट्टी बसली. लाकूड आवळून धरायला शिकंजा नव्हता, तर शकुंतलाने आपल्या खाटेची नवार सोडली आणि पट्टी-गळा एकत्र धरून तिचे वेढे असे आवळले की हाताला वळ उठले. नवार सुटल्यामुळे ती कितीतरी दिवस फरशीवर झोपली. सरस वाळल्यावर नवार उलगडली तर चीर बोटाला लागत नव्हती. डोळ्याला दिसायची, पण काय बिघडलं? पडद्यांची उंची कानशीने सारखी केली. पंजाब मेलच्या एका गार्डने मुंबईहून तारा आणून दिल्या. फुकट नाही दिल्या, महिनाभर त्याचे घरचे कॉल तिने आधी लावून दिले. नियमाविरुद्ध होतं. एवढी नियमाची बाई, पण तिने ते केलं.

तारा चढवल्या त्या हरदासच्या दुकानात, कारण घरी पहिला सूर आंगणात काढायचा नाही, हा तिचा हट्ट. हरदास रंधा मारत होता. शकुंतलाने सूर जुळवले, बोटं आठवतात की नाही म्हणून जरा थांबली आणि एक जुनी संथ धून वाजवली. पहिल्यांदा अडखळली, दुसऱ्यांदा नाही. खालच्या तारेचा सूर उठला की दुकानातल्या फळ्यांवरून फिरून परत येत होता. हरदासचा रंधा थांबला. समोरचा पानवाला टपरीतून बाहेर आला. संपल्यावर हरदास म्हणाला, "ठीक है," आणि परत रंधा मारायला लागला. त्याच्या तोंडी "ठीक है" म्हणजे काय चीज होती, हे तिला आता माहीत झालं होतं. रिक्षात ती गिटार कवटाळून बसली आणि रस्त्यात विनाकारण तिला हसू येत राहिलं.

घरी येऊन तिने आईला सांगितलं, "दसऱ्याला वाजवणार. संध्याकाळी, पुढच्या खोलीत."

"अष्टमीला दिवाकर येतोय मला न्यायला," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांची ट्रंक भरून तयार होती. वरती देवांची टोपली. नवरात्रभर त्या ट्रंकेला टेकूनच बसायच्या, म्हणजे शकुंतलाला विसर पडू नये. शकुंतलाही ट्रंकेला वळसा घालून जाताना दर वेळी म्हणायची, "कुलूप लावलंस ना? रस्त्यात चोऱ्या होतात."

सप्तमीला ती बोर्डावर असताना कानपूरची लाइन आली. तिकडची ऑपरेटर म्हणाली, दीदी, आपके भाई हैं, बात कर लो, मैं सुन नहीं रही. म्हणजे ऐकत होती. दिवाकरचा आवाज आला, घाईतला, घसा साफ करत करत. "ताई, मला यायला जमणार नाही. म्हणजे आता नाही आणि पुढेही... इथे जागा कुठे आहे गं? हिचे आईवडील आलेत, ते आता इथेच राहणार. तुला तर माहीत आहे आईचं सोवळं. हिला नाही झेपायचं. तिला तिकडेच राहू दे. तू नीट सांग तिला, तुला जमतं." शकुंतला म्हणाली, "तूच सांग की." लाइन कट झाली. तिकडून तोडली गेली होती, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?

सबंध वाटभर ती हे कसं सांगायचं ते घोळवत आली. खरं सांगायचं तर चवीने घोळवत आली. दारात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाली, "दिवाकर येत नाही. कधीच न्यायला येणार नाही. बायकोचे आईवडील राहायला आणलेत त्याने. म्हणाला, आईला तिकडेच राहू दे." आणि आईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. हा क्षण तिने किती वर्षं मनात मागितला होता. पण यमुनाबाईंनी नुसतं "बरं" म्हटलं. मग उठल्या, ट्रंक उघडली आणि एकेक लुगडं काढून परत खुंटीवर टाकायला लागल्या. शकुंतलाला जे मिळायला हवं होतं त्यातलं निम्मंच मिळालं आणि तेही कडू लागलं. ती आंगणात जाऊन उगीच शेगडी घासत बसली.

दसऱ्याला तिची ड्यूटी पहाटेची. सणाचा दिवस, साऱ्या हिंदुस्तानला फोन करायची हुक्की आलेली. दुपारी ती घरी निघाली तेव्हा कान बधिर झाले होते. वाटेत तिने झेंडूची फुलं घेतली नाहीत, कारण सण आईचे. तिच्या डोक्यात फक्त संध्याकाळ होती.

दार सताड उघडं. पुढची खोली सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली. मधोमध पाट, भोवती रांगोळी, आणि पाटावर गिटार. तिच्या पोटावर हळदकुंकवाची बोटं, गळ्यात झेंडूची माळ, वर आपट्याची पानं. खंडेनवमीला आणि दसऱ्याला घरातली हत्यारं, अवजारं, वह्या मांडून पूजतात, तशी. शेजारी विळी आणि दत्तात्रेयपंतांची जुनी कात्री. यमुनाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "पाय धुऊन ये."

शकुंतला पाय न धुताच पुढे झाली. आधी तिला नाकाला कळलं. ओल्या लाकडाचा वास होता आणि त्याखाली तो दुसरा, आंगणातल्या वाटीतला.

"काय केलंस?"

"शुद्ध केली. तशी कशी घेणार होते आत?" यमुनाबाईंच्या आवाजात कामाचा शीण होता आणि थोडी ऐटही. "गार पाण्याने त्या लोकांच्या घरचा तेलकटपणा जाईना. मग घंगाळात चांगलं कढत पाणी घेतलं, शिकेकाई घातली, त्यात बसवली. वर तांब्या-तांब्याने ओतत राहिले. ती मानही बुडवून घेतली. मग गोमूत्र शिंपडलं, गंगाजळ शिंपडलं. उन्हात वाळवली. पूजा केली. आता ती आपली झाली."

शकुंतला खाली बसली. तारा तशाच ताणलेल्या राहिल्या होत्या आणि सरस मऊ पडल्यावर त्यांनी खालची घोडी, जिच्यावर तारा टेकतात ती, उपटून तिरकी केली होती. पोटाची मागची फळी शिवणीपासून उसवली होती. ती पट्टी, जिच्यासाठी ती फरशीवर झोपली होती, उन्हाने दोन्ही टोकांनी वळून वर आली होती, आणि चीर पहिल्यापेक्षा लांब झाली होती. सहातल्या चार तारा लोंबत होत्या.

"जरा सुटलंय इथे-तिथे," यमुनाबाई म्हणाल्या. "तुला येतं लावायला. लाव तुझं ते हाडाचं. मी बघणार नाही."

आता फळी वाकली होती, ती कुठलाही सरस सरळ करणार नव्हता. शकुंतलाला रडू आलं ते रागाने आलं. तिला ते घंगाळ उचलून रस्त्यात फेकावंसं वाटलं, देवांची टोपली फेकावीशी वाटली. तिच्या तोंडात इतके शब्द एकदम आले की एकही बाहेर पडेना. शेवटी भलताच एक पडला.

"दिवाकर आला असता न्यायला, तर धुतली असतीस?"

यमुनाबाईंनी विचार केला. मंगळाच्या वेळी त्या खोटं बोलल्या होत्या, या वेळी नाही बोलल्या.

"नसती," त्या म्हणाल्या. "कोळशात पडू दिली असती."

बाहेर कुणीतरी रावणाच्या मिरवणुकीसाठी ढोल बडवत चाललं होतं. यमुनाबाई तो लांब जाईपर्यंत थांबल्या. मग त्यांनी गिटारच्या गळ्यातली माळ काढली, ती वाजवताना मधे येईल म्हणून, आणि पाट मुलीकडे सरकवला.

"वाजव," त्या म्हणाल्या. "इथेच बसून वाजव. मी ऐकते."

त्यांनी ती गिटार कधीच ऐकली नव्हती. हे शकुंतलाला आत्ता उमगलं. सिपरी बाजारातल्या पानवाल्याने ऐकली होती, हरदासने ऐकली होती, आईने नाही. तिने गिटार मांडीवर घेतली. ती पाणी प्यायल्यासारखी जड झाली होती. उरलेल्या दोन तारांपैकी एक तिने जमेल तेवढी ताणली, बोट ठेवलं आणि छेडली. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज निघाला. तिने दुसरी छेडली. तीही तशीच.

यमुनाबाई मान थोडी पुढे काढून, आणखी काही येईल म्हणून वाट बघत राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की संपलं.

"हेच?" त्यांनी विचारलं. त्या चिडवत नव्हत्या. त्यांना खरंच समजत नव्हतं. "एवढ्यासाठी माझ्या घरात हाडं शिजवलीस? एवढ्यासाठी दोन चुली झाल्या?"

शकुंतलाच्या जिभेवर होतं. असं नव्हतं ते वाजत. तू मारलंस ते, जसं मोठचं स्थळ मारलंस, आणि या वेळी तर पूजा करून मारलंस. एक वाक्य पुरलं असतं, म्हातारी जन्मभर त्यातून उठली नसती. पण आईला जायला दुसरं घर उरलं नव्हतं, आणि हे घर, ज्याच्यासाठी भांडण होतं, ते आता कुणी मागतच नव्हतं.

"हो," शकुंतला म्हणाली. "एवढ्यासाठीच."